गुडघ्यांनी वाजवायची गिटार

परभणी जिल्ह्यातली माणसं देवीला निघाली की एकतर दक्षिणेला तुळजापूरची वाट धरतात, नाहीतर पूर्वेला माहूरची. दोन्ही वाटांवर आराधी भेटतात आणि त्यांच्यापैकी कुणाच्या तरी काखेत चौंडकं असतं. लाकडाचं पोकळ नळकांडं, त्याच्या एका तोंडाला ताणून बसवलेलं कातडं, कातड्याच्या मधोमध ओवलेली तात नळकांड्यातून बाहेर आलेली आणि तिच्या टोकाला धरायला एक छोटी मूठ, एवढाच सगळा पसारा. नळकांडं काखेत दाबायचं, एका हातानं मूठ धरून तात ताणायची, दुसऱ्या हातानं छेडायची. मूठ ओढली की सूर चढतो, सैल सोडली की घसरतो. पडदे नाहीत, खुंटी नाही, तारेवर बोट ठेवायचं काम नाही. सगळी करामत ताणाची.

गोंधळ्याचं तुणतुणं याच्याच घराण्यातलं, पण स्वभावानं उलट. त्याच्या नळकांड्याला बाहेरून एक काठी बसवलेली असते, काठीवर खुंटी, आणि तार त्या खुंटीला गुंडाळलेली. एकदा मिळवली की गोंधळ उजाडेपर्यंत चालला तरी ती आपला एकच सूर सांभाळते. ज्या राजारामबापू कदमांचं नाव गोंधळाबरोबर महाराष्ट्रभर घेतलं जातं ते परभणीचेच. त्या परंपरेत बोलायचं काम संबळाचं आणि सूर धरून ठेवायचं काम तुणतुण्याचं, अशी वाटणी आहे. तुणतुण्याला सूर बदलता येत नाही हा त्याचा दोष नव्हे. त्याच्याकडून ते कुणी मागितलेलंच नाही.

कुठलंही तंतुवाद्य समजून घ्यायचं तर त्याच्याकडून काय मागितलं गेलं, हे आधी विचारावं. या प्रकरणात आपण ज्या वाद्याकडे जाणार आहोत ते मराठवाड्यापासून फार लांब, अमेरिकेत वाढलं. त्याला दहा तारा असतात, पायाखाली तीन पेडल आणि दोन्ही गुडघ्यांना चार-पाच खटके. वाजवणाऱ्याचा एकही अवयव मोकळा राहत नाही. हिचं नाव पेडल स्टील गिटार. एवढी यंत्रणा कशासाठी, याचं उत्तर मात्र चौंडक्याच्या मुठीपासून शोधत गेलं तर लवकर सापडतं.

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: तिची लांबी, तिच्यावरचा ताण आणि तिचं दर सेंटिमीटरला भरणारं वजन. मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूनं १६३६ साली या तिघांचं नातं गणितात मांडलं. यातलं वजन तार विकत घेतली तेव्हाच ठरलेलं असतं. वाजवताना हाताशी उरतात लांबी आणि ताण. लांबी निम्मी केली की सूर बरोबर एक सप्तक चढतो. ताणानं तेच साधायचं तर तो चौपट करावा लागतो. एक पूर्ण स्वर, म्हणजे सा वरून रे, चढवायलाही ताण सव्वापटीच्या थोडा वर न्यावा लागतो.

आपली वाद्यं या दोन वाटांवर सरळ विभागता येतात. सारंगी आणि सरोद लांबीवाले: बोट किंवा नख तारेवरून सरकतं आणि कंप पावणारा भाग कमी-जास्त होतो. सितार पडद्यापुरती लांबीवाली, पण मींड घेताना ताणवाली. बाजाची तार पडद्यावर बाजूला ओढून सा वरून पंचमापर्यंत नेली तर तिच्यावरचा ताण सव्वादोनपट होतो. सितारियाच्या बोटाला पडलेली खाच त्या सव्वादोनपटीची असते. चौंडकं निव्वळ ताणवालं. पेडल स्टील या दोन्ही वाटा एकाच वेळी चालतं, आणि त्याचा सगळा पसारा त्यातून आला आहे.

आधी लांबीची बाजू. हवाई बेटांवर जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलानं १८८९ च्या सुमाराला गिटार मांडीवर आडवी घेतली आणि बोटांऐवजी पोलादाचा तुकडा तारांवरून फिरवायला सुरुवात केली. पुढं १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तिथल्या हवाई दालनातून हा आवाज अमेरिकेच्या डोक्यात शिरला आणि तिथून जगभर गेला. विजेवर चालणाऱ्या गिटारींत बाजारात पहिली यशस्वी ठरली तीही हीच आडवी गिटार. रिकनबॅकर कंपनीनं १९३२ मध्ये ती ओतीव अ‍ॅल्युमिनियमची काढली, आणि गोल पोट नि लांब दांडा बघून लोकांनी तिचं नाव ‘फ्राइंग पॅन’ ठेवलं.

भारतात तारेवर काही सरकवून वाजवणं नवं नव्हतं. विचित्रवीणेवर काचेचा बट्टा फिरतो, दक्षिणेत गोट्टुवाद्यावर लाकडाचा. हे गोट्टुवाद्य मैफलीत पुन्हा आणण्याचं श्रेय तिरुविडैमरुदूरच्या सखारामरावांना देतात. नावावरूनच तंजावरी मराठी मूळ ओळखू यावं असे हे गृहस्थ, आणि सेम्मनगुडी श्रीनिवास अय्यरांसारखा गायक त्यांच्याकडे शिकला. आपल्याकडे मराठी संगीताचा इतिहास लिहिताना कृष्णेच्या खाली उतरायची सवय नाही, म्हणून हे नाव इकडे फारसं कानावर येत नाही.

हवाई गिटार आली तेव्हा जमीन अशी नांगरलेली होती. ताऊ मो हा हवाईयन वादक कुटुंबकबिल्यासह १९४० च्या दशकात काही वर्षं कोलकात्यात राहिला, तिथं वाजवलं, शिकवलं. मग व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या गिटारीवर सिनेमाची गाणी तबकड्यांतून घरोघर पोचली. रेडिओवर शब्दांशिवाय वाजणारी जुनी गाणी ऐकत वाढलेल्या पिढीला तो लांबत जाणारा, किंचित रडवा सूर लगेच आठवेल. रागसंगीतात ती नेली जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रांनी. त्यांनी अमेरिकी बनावटीची गिब्सन घेतली, तारा पट्टीपासून उंच उठवल्या, सुराची एक जादा तार चढवली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला जी गिटार आहे ती त्यांची. विश्वमोहन भट्टांनी पुढं आपल्या मोहनवीणेत गाण्याच्या तारा कमी करून चिकारी आणि खाली बारा तरफा बसवल्या, आणि ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या ध्वनिमुद्रिकेसाठी राय कूडरबरोबर १९९४ चं ग्रॅमी घेतलं.

तीच आडवी गिटार कंट्री संगीताच्या नॅशव्हिलला गेली आणि तिला पाय फुटले. दोन्हीकडे वाद्य एकच, मागणी वेगळी.

अमेरिकी कंट्री संगीताची मागणी होती कॉर्डची. तीन-चार सूर एकत्र वाजायचे, आणि गाणं पुढं सरकेल तसा तो संच बदलायचा. आता पोलादी बार सरळ असतो. तो तारांवर आडवा ठेवला की सगळ्या तारा सारख्याच आखूड होतात. म्हणजे मोकळ्या तारा ज्या कॉर्डमध्ये मिळवल्या असतील तीच कॉर्ड वर-खाली सरकते, तिची घडण बदलत नाही. बार तिरपा धरून थोडं साधतं, पण थोडंच. वादकांनी मग एकाच लाकडावर दोन, तीन, अगदी चार-चार गिटारी जोडून घेतल्या, प्रत्येक वेगळी मिळवलेली, आणि गाण्याच्या मध्येच एकीवरून दुसरीवर उडी मारायची. पेडलनं तारेचा ताण बदलायची कल्पना त्यातून आली. १९४० च्या सुमारास गिब्सननं असं वाद्य काढलं, १९४८ मध्ये पॉल बिग्जबीनं स्पीडी वेस्ट या वादकासाठी एक घडवलं. तरी तोवर पेडलचा उपयोग एक कॉर्ड संपली की दुसरी लावायची, एवढाच होता.

१९५४ मध्ये वेब पिअर्सचं ‘स्लोली’ हे गाणं गाजलं. त्यात बड आयझॅक्सनं तारा वाजत असतानाच पेडल दाबलं. लोकांच्या कानावर पडलं ते असं: एक सूर जागच्या जागी उभा, आणि त्याला लागून असलेले दोन सूर त्याच्या अंगावरून सरकत वर गेले. बारला हे कधीच जमणारं नव्हतं, कारण बार सरकला की सगळंच सरकतं. त्यानंतर ज्याच्याकडे पेडल नाही तो वादक मागासलेला ठरू लागला. बडी एमन्सनं पुढं तो एक बदल दोन स्वतंत्र पेडलांत तोडला, दोन जादा तारा घातल्या, आणि आजची मांडणी जवळपास ठरून गेली.

या मांडणीला ‘ई नाइन’ म्हणतात. पाश्चात्त्य अक्षरांत ती रुक्ष दिसते. सरगमीत मांडली की आपल्या कानाला लगेच उमगते. पांढरी तीन हा सा धरा. वादकापासून सगळ्यात लांबची तार पहिली आणि पोटाजवळची दहावी. तिसऱ्या तारेपासून मुख्य तारा अशा आहेत: ग, सा, प, ग, मग सातवी रे, आठवी सा, नववी कोमल नी, दहावी प. पहिल्या दोन तारा मात्र क्रम मोडून बसवलेल्या, रे आणि नी. त्या तिसरीपेक्षा वरच्या नाहीत, खालच्या आहेत. एमन्सनं घातलेल्या त्या याच, गळ्यासारखी सलग चाल वाजवता यावी म्हणून.

आता पाय. डावीकडून पहिलं पेडल ‘ए’: ते दोन्ही पंचमांना धैवतावर नेतं. दुसरं ‘बी’: दोन्ही गंधारांना शुद्ध मध्यमावर. दोन्ही एकदम दाबली की ग-सा-प चं म-सा-ध होतं. सा हललेला नाही. आयझॅक्सनं ऐकवली ती जादू हीच. नुसतं ‘ए’ दाबलं तर ग-सा-ध उरतं, आणि हसरी कॉर्ड उदास होते. तिसरं ‘सी’ चौथ्या तारेच्या सा ला रे वर आणि पाचवीच्या प ला ध वर चढवतं. डावा पाय घोट्यातून असा वळवायचा की एकाच पावलाखाली दोन शेजारची पेडल यावीत आणि त्यातलं एक हळूच सोडताही यावं. काही वादक हाच क्रम उलटा, सी-बी-ए असा लावतात. जिमी डे या वादकाच्या नावानं ती पद्धत ओळखली जाते. घोटा कुठल्या बाजूला सहज वळतो यावर निवड करावी, त्यात कमी-जास्त काही नाही.

गुडघ्यांचे खटके त्याहून नाजूक काम करतात. एक खटका दोन्ही सा ना अर्धा स्वर उतरवून नी वर नेतो, दुसरा अर्धा स्वर चढवून कोमल रे वर. आणखी एक दुसऱ्या तारेचा नी उतरवतो. खटका नेमका कुठल्या गुडघ्याच्या कुठल्या बाजूला हवा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. उंची, मांडीची जाडी, स्टुलाची बैठक सगळंच मोजावं लागतं. दुसऱ्याच्या गिटारीवर बसलेला तरबेज वादकही पहिली दहा मिनिटं चाचपडतो.

आत काय घडतं? पेडलपासून एक सळई वर जाते, आडवा दांडा फिरवते, त्यावरची कोपरासारखी पट्टी दुसरी सळई ओढते आणि ती सळई तार जिथं अडकवली आहे तो बोटाएवढा धातूचा तुकडा फिरवते. तार ताणली जाते. किती ताणली जावी हे टोकाच्या नायलॉनच्या छोट्या नटानं ठरतं. म्हणजे सूर मिळवण्याची दोन ठिकाणं झाली: मोकळ्या तारेचा सूर एका टोकाच्या खुंट्यांवर, चढवलेल्या तारेचा दुसऱ्या टोकाच्या नटांवर. चौंडकंवाल्याची मूठ जे अंदाजानं करते ते इथं पोलादात कायमचं बांधून टाकलं आहे. अंदाज गेला, नेमकेपणा आला. मुठीतला लडिवाळपणाही थोडा गेला, असं माझं मत.

वादकापुढं पहिला मोठा प्रश्न असतो एक मान की दोन. दोन मानांच्या गिटारीत ‘ई नाइन’च्या जोडीला ‘सी सिक्स’ही असते, जाझच्या दाट कॉर्डसाठी. पेटीसकट तिचं वजन तीस किलोच्या पुढं सहज जातं. बहुतेकांना दुसरी मान लागत नाही. ती कोपर टेकायला बरी पडते, असं स्टीलवाले स्वतःच गमतीनं म्हणतात. बारा तारांत दोन्हींचा मेळ घालणारी मांडणीही आहे, पण तिचं गणित डोक्यात ठेवायला वेगळा माणूस लागतो.

हातातला बार हा स्वस्तातला आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय. दहा तारांसाठी साधारण सात अष्टमांश इंच जाडीचा, सव्वातीन-साडेतीन इंच लांबीचा, एका टोकाला गोल केलेला, पाव किलोच्या थोडा आत भरणारा पोलादी दंडगोल. हलका बार तारेवर खडखडतो आणि सूर लवकर विझतो. जड बारानं सूर लांबतो, पण द्रुत चालीत मनगट भरून येतं. उजव्या हाताला अंगठ्यात प्लॅस्टिकची आणि दोन बोटांत धातूची नखी. छेडण्याहून अवघड काम आहे आवाज थांबवण्याचं. दहा तारांपैकी नको असलेल्या तारा तळहाताच्या कडेनं किंवा नखीनंच दाबल्या नाहीत तर सगळा चिखल होतो. नवखा आणि मुरलेला यांतला फरक सगळ्यात आधी इथं कळतो.

उजवा पाय आवाजाच्या पेडलवर असतो. छेडलेली तार क्षणागणिक विझत जाते. ती विझेल तसतसं पाऊल पुढं दाबून आवाज वाढवत नेला की सूर गजानं ओढल्यासारखा लांब राहतो. म्हणून वादक सुरुवात अर्ध्यावरच करतो, पुढं वाढवायला जागा ठेवून. अ‍ॅम्प्लिफायरची निवड यावरूनच ठरते. रॉकच्या गिटारवाल्याला फाटलेला आवाज हवा असतो, स्टीलवाल्याला नको असतो, कारण तीन सुरांची कॉर्ड फाटली की नुसता गोंगाट उरतो. त्याला हवी असते न फाटता खूप मोठं होण्याची ताकद. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब त्यासाठी वापरात आला. पुढं पीव्ही कंपनीनं खास स्टीलवाल्यांसाठी पंधरा इंची स्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर काढले. परभणीत असा अमेरिकी अ‍ॅम्प्लिफायर आणून थेट भिंतीतल्या प्लगला जोडला तर तो जळेल. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. मध्ये ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि व्होल्टेज वर-खाली होणाऱ्या गावात स्टॅबिलायझरही. पिकअप एका वेटोळ्याचा असेल तर विजेची गुणगुण त्यात शिरते. दोन उलट्या वेटोळ्यांचा असेल तर ती आपापसांत कापली जाते.

आता तारा. तिसरी तार, म्हणजे वरचा ग, सगळ्यात आधी तुटते. साहजिकच वाटतं की ती ०.०११ इंचाची बारीक आहे म्हणून तुटते, जाड लावली तर टिकेल. हे चुकीचं आहे. ठरावीक लांबीच्या तारेला ठरावीक सुरापर्यंत न्यायचं तर जाड तारेला ताण जास्त लागतो, पण तो पेलणारं पोलादही तेवढंच जास्त असतं. दर चौरस मिलिमीटरला येणारा भार तोच राहतो. हिशेब करून बघा: चोवीस इंच लांबीवर हा ग लावायला दर चौरस मिलिमीटरला सुमारे २०० किलोचा भार पडतो. ‘बी’ पेडलनं तो म वर नेला की सव्वादोनशेच्या पुढं जातो. उत्तम प्रतीची तार अडीचशेच्या आसपास तुटते. म्हणजे प्रत्येक गाण्यात ती बिचारी कड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत येते. तिला वाचवायचं तर सूर उतरवा किंवा लांबी कमी करा. जाडीनं काही होत नाही. म्हणून अनुभवी वादक बाकीच्या तारा एकेक आणि तिसरी डझनानं घेतात.

परभणीत याला हवामानाची भर. इथं हिवाळ्यात पारा एक आकडी होतो आणि मे महिन्यात ४२ च्या वर जातो. गरम झालं की पोलादाची तार लांबते; लाकूड धाग्याच्या दिशेनं तिच्या निम्म्याहून कमी लांबतं. दुपारच्या मांडवात तापमान २० अंशांनी चढलं तर ढोबळ हिशेबानं तिसरी तार अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाइतकी उतरेल, पण पाचवी, म्हणजे प ची, तिसऱ्या भागाहून जास्त. तिसरी मुळातच कडक ताणलेली, म्हणून तिला फरक कमी पडतो. पाचवी त्या मानानं सैल. सगळ्या तारा सारख्या उतरल्या असत्या तर बार जरा पुढं सरकवून भागलं असतं. तशा त्या उतरत नाहीत. अ‍ॅल्युमिनियम उलट वागतं, ते पोलादाच्या दुप्पट लांबतं आणि तारा चढवतं. रिकनबॅकरच्या त्या पहिल्या गिटारी रंगमंचाच्या दिव्यांखाली याच कारणानं बेसूर होत, आणि कंपनीला लवकरच बेकेलाइटकडे वळावं लागलं.

सूर मिळवतानाही यंत्रावर आंधळा भरवसा चालत नाही. पेटीच्या पट्ट्यांवर अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सा पासून ग ४०० भागांवर असतो. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार मात्र ३८६ वर आहे, १४ भाग खाली. पेडल स्टीलला पडदे नाहीत, नुसत्या आखलेल्या रेघा आहेत, म्हणून नॅशव्हिलचे वादकही आपला ग पेटीपेक्षा उतरवूनच मिळवतात. पेटी नाकारून तानपुऱ्याचा गंधार धरणारे आपले गवई आणि ते, दोघंही कानानं एकाच जागी पोचले. त्यात आणखी एक भानगड आहे. दहा तारांचा मिळून शंभर किलोच्या घरातला ताण लाकडावर असतो. पेडल दाबलं की तो वाढतो, खोकं किंचित वाकतं आणि न छेडलेल्या तारा हलकेच उतरतात. चांगली गिटार कुठली, हे बघायला जाणकार आधी आवाज ऐकत नाही. एक तार छेडून दुसऱ्याच तारांची पेडलं दाबून पाहतो.

आपल्याकडच्यांनी हे पेडल का उचललं नाही? रागसंगीताला बदलत्या कॉर्ड लागत नाहीत. एक सूर उभा ठेवून दुसरा सरकवायची गरज आपली चिकारी आणि मींड आधीच भागवत होती, आणि भरीव नादासाठी तरफा होत्या. काब्रा आणि भट्ट यांनी गिटारीला जे जोडलं ते याच घरातलं. दुसरं कारण बैठकीचं. मांडी घालून बसलेल्या वादकाचे पाय आणि गुडघे दोन्ही कामातून गेलेले असतात. पायानं भाता चालणारा ऑर्गन आपल्या संगीत नाटकात रमला, कारण तो वाजवणारा खुर्चीवर होता. मैफलीत मात्र हातानं भाता मारायची पेटीच टिकली. सतारी-तानपुऱ्यांसाठी नावाजलेल्या मिरजेच्या कारागिराला गिटारीला तरफा बसवून दे म्हटलं तर तो लाकूड हातात घेऊन विचार करू लागेल. पेडल बसव म्हटलं तर लेथवाल्याकडे पाठवेल.

तरीही एखाद्या परभणीकराला हे वाद्य हवंच असेल तर त्यानं आधी कोलकात्याच्या बनावटीची साधी हवाई गिटार घ्यावी, किंवा घरातल्या गिटारीच्या तारा उंच पट्टी घालून उठवाव्यात, आणि पाव किलोच्या आतला चांगला बार. सूर बारखाली नेमका बसेपर्यंत पेडलचं नाव काढू नये. नव्या चांगल्या पेडल स्टीलला काही हजार डॉलर पडतात. मग एका मानेची, तीन पेडलांची घ्यावी.

आणि ती इथल्या गाण्याला लावायची असेल तर कुठला राग, हे आधी ठरवावं लागेल. भूपाला ‘ए’ चालेल, प वरून ध ची मींड घरबसल्या मिळेल, वर सा चिकारीसारखा वाजत राहील. ‘सी’नं सा वरून रे मिळेल. ‘बी’ला मात्र पाय लावायचा नाही, तिथं वर्ज्य मध्यम बसलाय. यमनाला नी दुसऱ्या तारेवर तयार आहे, पण मध्यम तीव्र हवा. ‘बी’चा नायलॉनचा नट फिरवून ग अर्ध्याऐवजी पूर्ण स्वर चढवायला गेलात तर तिसऱ्या तारेवरचा भार अडीचशेच्या पुढं जाईल आणि ती तुटेल. म्हणून आधी सगळी गिटार पांढरी तीनवरून काळी एकपर्यंत उतरवायची. गाणारा पुरुष असला तर त्यालाही बहुधा तीच पट्टी लागते. तेवढ्यानं भार तीस टक्क्यांनी उतरतो आणि तीव्र मध्यमावर गेली तरी तार १८० च्या आसपास, सुरक्षित राहते. उतरवल्यावर तारा बारखाली लोळू लागतील, म्हणून संच जाडीला एकेक पायरी वर घ्यायचा. तिसऱ्या जागी ०.०११ ऐवजी ०.०१३ ची तार घातली की हाताला ताण पुन्हा जवळजवळ होता तेवढाच, साडेबारा किलोचा लागतो.